ओसरीवरच्या दोघी

पाळीव प्राणी घरी आणणे सोपे असते. त्याचे आणि आपले एकाच छपराखाली जमवणे मात्र अवघड असते. गाईला गोठा असतो, कुत्र्याला अंगण असते, मांजराला चुलीजवळची ऊब असते. पण ज्याच्यासाठी आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणतीच जागा ठरलेली नाही, असा प्राणी आला म्हणजे त्याच्या सवयी आणि आपल्या सवयी यांची गाठ कोठेतरी पडतेच. आमच्या घरी ही गाठ ओसरीवर पडली.

गोरेगाव हे गोंदिया जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. सभोवार धानाची शेती. त्यामुळे तणसाला तोटा नाही. तान्ह्या पोळ्याच्या सुमारास माझ्या पुतणीने घरी दोन गिनीपिग आणले. दोन्ही माद्या, एक भुरी आणि दुसरी चांदी. हा प्राणी कळपात राहणारा, एकटा पडला की झुरणारा. स्वित्झर्लंडमध्ये तर तो एकटा ठेवू नये, असा २००८ पासून नियमच आहे. त्याचे नाव मात्र दुहेरी फसवे आहे. तो गिनी देशातला नाही आणि डुकराच्या कुळातलाही नाही. उंदीर-खारींप्रमाणे तो कृंतक प्राणी. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात राहणाऱ्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला माणसाळवले आणि सोळाव्या शतकात तो युरोपात पोहोचला.

दोघी दिसायला गोजिरवाण्या होत्या. परंतु गवत खाणाऱ्या प्राण्याचे तोंड दिवसभर चालू असते आणि त्याचा परिणामही दिवसभर दिसत राहतो. पहिल्या आठवड्यातच ओसरीवर जिकडेतिकडे लेंड्या दिसू लागल्या. आजीने चार दिवस सोसले आणि पाचव्या दिवशी निकाल सांगितला, “दिवाळीपर्यंत ओसरी स्वच्छ राहू लागली नाही, तर तुझ्या या पाहुण्या आल्या तेथे परत जातील.” आजीचा शब्द आमच्या घरात कोणी मोडत नाही. पुतणीचा चेहरा उतरला. पण ती रडली नाही. तिने एक पसरट प्लॅस्टिकचा ट्रे मिळवला, त्यात कागद व तणस पसरले आणि तो मोरीजवळच्या कोपऱ्यात ठेवून दिला. तो कोपरा आम्हां सर्वांच्या सोयीचा होता.

भुरी आणि चांदी यांना मात्र तो पसंत पडला नाही. पुतणी त्यांना उचलून ट्रेत ठेवी आणि त्या पळ काढीत. एके दिवशी शेजारच्या एका मुलाने भुरीला दटावून पाहिले. ती जागच्या जागी थिजली, मग खोक्याखाली दडली आणि दुपारपर्यंत बाहेर आलीच नाही. ज्याचे सारे आयुष्य शिकाऱ्याच्या भीतीत जाते, त्या प्राण्याला रागाचा अर्थ एकच कळतो: येथून पळा. आपण कशासाठी रागावलो आहोत, हे त्याला कधीच कळत नाही.

तेव्हा पुतणीने शिकवणे थांबवले आणि ती पाहू लागली. शाळेतून आली की ती ओसरीच्या पायरीवर वही घेऊन बसे. कोण कोठे गेली, केव्हा गेली, हे टिपून ठेवी. आठ दिवसांनी ती मला म्हणाली, “काका, या खाता खाताच घाण करतात; आणि बहुतेक वेळा त्याच दोन अंधाऱ्या कोपऱ्यांत!” साऱ्या युक्तीचे बीज या एका वाक्यात होते.

तिने ट्रे मोरीजवळून उचलला आणि त्या दोन कोपऱ्यांपैकी एकात नेला. दुसऱ्या कोपऱ्यात त्यांचे निजण्याचे खोके ठेवले. तणसाची आणि हराळीची जुडी तिने ट्रेच्या वर अशी टांगली, की ती खायची तर ट्रेतच बसावे लागे. बाहेर पडलेल्या थोड्या लेंड्या ती मुद्दाम ट्रेत टाकी, म्हणजे वासावरून जागा ओळखता येई. काम योग्य ठिकाणी झाले, की लगेच कोथिंबिरीची, म्हणजे आमच्याकडच्या सांबाराची, एक काडी मिळे. चुकीच्या ठिकाणी झाले, तर काहीच घडत नसे. ती मुकाट्याने झाडू उचली.

हळूहळू ओसरी पालटली. बहुतेक सारे ट्रेत होऊ लागले. सारे मात्र कधीच झाले नाही. मांजराइतका नेम या प्राण्याला साधत नाही. त्याच्या पोटाची घडणच तशी आहे. दिवाळी आली तेव्हा चार-दोन लेंड्या ओसरीवर पडलेल्या होत्याच. पुतणी श्वास रोखून उभी राहिली. आजीने त्या लेंड्यांकडे पाहिले, रोज पहाटे धुतल्या जाणाऱ्या ट्रेकडे पाहिले आणि इतकेच म्हटले, “ते खत दोडक्याच्या वेलाला घालत जा.” पाहुण्या राहिल्या.

गिनीपिग हे नाव आपण प्रयोगाचा विषय या अर्थानेही वापरतो आणि ते सकारण आहे. १७८२-८३ च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी बर्फाने वेढलेल्या पात्रात गिनीपिग ठेवून त्याच्या देहाची उष्णता मोजली. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू जगापुढे मांडला, तेव्हाही त्यांच्या प्रयोगांत हाच मुका जीव होता. माणसाने त्याच्याकडून पुष्कळ ज्ञान मिळवले; त्यासाठी त्याला पुष्कळ सोसावे लागले. आमच्या ओसरीवरचा प्रयोग फार लहान होता आणि त्यात कोणाला इजा झाली नाही. त्यात जनावराच्या स्वभावाशी झगडा नव्हता. त्याचा कल ओळखून आपली वस्तू तेथे नेऊन ठेवणे होते. पुतणीच्या त्या वहीत शेवटी दोन याद्या आहेत. भुरी आणि चांदी काय शिकल्या, ही यादी तीन ओळींची आहे. आम्ही काय शिकलो, ही यादी पानभर झाली आहे आणि तिच्याखाली तिने अजून रेघ ओढलेली नाही.