हाली की कलदार?

निकाहाच्या वेळी काझीसाहेब मेहरची रक्कम वाचतात आणि तिला जोडून म्हणतात, 'सिक्का राइजुल वक्त'. म्हणजे त्या काळी चलनात असलेलं नाणं. आपल्यापैकी बहुतेकांना हा नुसता रिवाज वाटतो. पण आमच्या अहेरी-सिरोंचाच्या पट्ट्यात एके काळी या शब्दांना फार अर्थ होता, कारण इथे चालू नाणी दोन होती.

प्राणहितेच्या अलीकडे अहेरीची जमीनदारी, चांदा जिल्हा, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. इथे कलदार रुपया चाले. पलीकडे आदिलाबाद जिल्हा, निजामाचा मुलूख. तिथे हाली सिक्का, ज्याला पुढे 'सिक्का उस्मानिया' म्हणू लागले. आज चंद्रपूर जिल्ह्यात असलेला राजुराही तेव्हा निजामाकडेच होता. नदी ओलांडली की पैसा बदलायचा.

दर होता सहा कलदारांना सात हाली. शंभर कलदारांचे हाली 116 रुपये 10 आणे 8 पै. हा आकडा हवेतून आलेला नव्हता. कलदार रुपया वजनाने एक तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. 1904 पासूनचा चारमिनार छापाचा हाली रुपया 11.18 ग्रॅमचा, चांदी शेकडा 82च्या आसपास. शुद्ध चांदी मोजली तर कलदारात 10.69 ग्रॅम, हालीत 9.14 ग्रॅम. भागाकार करून पाहा, सातास सहा हेच प्रमाण जवळपास येतं.

1893 मध्ये इंग्रजांनी लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणं बंद केलं. कलदार चांदीच्या भावापासून सुटला, हाली मात्र चांदीबरोबर घसरत राहिला. म्हणून हैदराबाद सरकारने नवं नाणं काढून दर हातात घेतला. त्यानंतर हा दर फारसा हलला नाही. सावकाराचा बट्टा अर्थात वेगळा. 'नावाला बट्टा लागला' असं आपण म्हणतो, तो हाच बट्टा.

माझी नानी पलीकडची, चेन्नूरकडची. 1938 च्या सुमारास तिचा निकाह तिच्या माहेरी झाला, म्हणून कागदावर मेहर हालीत लिहिली गेली: 525 रुपये, उधार. सासर अलीकडे. कलदारात हिशेब केला तर 450 रुपये. त्या काळच्या नाण्यांत मोजून दिले असते, तर कुठल्याही नाण्यात 4 किलो 800 ग्रॅम शुद्ध चांदी तिच्या पदरात पडली असती.

मग इतिहास मध्ये आला. 1947 च्या अखेरीस निजाम सरकारने आपल्या मुलखात कलदार बेकायदा ठरवला. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद भारतात आलं. 1950 मध्ये भारतीय रुपया तिकडे अधिकृतपणे चालू झाला, दर तोच, सातास सहा. 1951 मध्ये हाली काढणं थांबलं आणि 1959 मध्ये तो चलनातूनच गेला. त्याच 1959 साली आपल्या रिझर्व्ह बँकेने आखाती देशांसाठी आणि हाजींसाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या. 6 जून 1966 ला डॉलरचा भाव 4.76 वरून 7.50 रुपये झाला, आणि दुबई-कतरने आपला रुपया सोडला. ज्यांच्या पेटीत रुपये होते त्यांची बचत एका रात्रीत आटली.

नाना 1961 मध्ये वारले. मय्यत घरात होती आणि जमलेल्या बायका नानीला सांगत होत्या, 'मेहर माफ कर, म्हणजे ते मोकळे होतील.' अम्मी सांगते, नानीने पदर सावरला आणि विचारलं, 'किती माफ करू? हाली की कलदार?' कुणाला उत्तर देता आलं नाही. ती म्हणाली, 'आधी हिशेब करा, मग माफीचं बोला.' चाळिसाव्यानंतर मामांनी 450 रुपये तिच्या हातावर ठेवले. दराप्रमाणे एक पैही कमी नव्हती. पण ते रुपये आता चांदीचे नव्हते.

दोन नाण्यांमधला दर सरकार ठरवतं, तो कागदावर सापडतो. कालच्या रुपयाचा आजच्या रुपयाशी दर कोण ठरवणार? आपल्या फुकहांनी हा प्रश्न शतकांपूर्वी विचारला आहे. फुलूस, म्हणजे तांब्याची नाणी, यांची किंमत पडली तर देणं कसं फेडायचं? इमाम अबू हनीफांच्या मते जितकी नाणी ठरली तितकीच. त्यांचेच शागिर्द इमाम अबू यूसुफ म्हणाले, मूळ दिवशीची किंमत धरा. मला इथे शागिर्दाचं म्हणणं पटतं. सूरह निसामध्ये बायकांची मेहर खुशीने द्यायला सांगितलं आहे. आकडा तेवढाच ठेवून किंमत आटू द्यायची, याला खुशीने देणं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

या हिवाळ्यात भाचीचा निकाह आहे. बोलणी 51 हजारांवर आली आहेत, उधार. मी घरात दोनच गोष्टी मांडल्या. एक, मेहर त्याच बैठकीत नगद द्या. दोन, ते जमत नसेल तर रुपये लिहू नका, सोनं किंवा चांदी ग्रॅममध्ये लिहा. मेहर-ए-फातिमी आपण आजही 131 तोळे 3 मासे चांदी अशीच मोजतो, ती उगाच नाही. मुलाकडचे विचार करतो म्हणालेत. भाचीने मात्र मला बाजूला घेऊन विचारलं, 'मामू, ग्रॅम किती सांगू?'