धडकेचा कर्ता कोण?

मराठी शिकवणाऱ्या माणसांनी भौतिकशास्त्राच्या वाटेला जाऊ नये, असा एक अलिखित संकेत आहे. आम्ही दोघे तो मोडतो आहोत, त्याला कारण एक अपघात. सहा वर्षांपूर्वीचा. अंबडच्या महाविद्यालयातून जालन्याला घरी परतताना एका मोटारसायकलवरून आम्ही उसाच्या ट्रॉलीवर जाऊन आदळलो. एकाचे गळपट्टीचे हाड मोडले, दुसऱ्याला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. गाडी कोण चालवत होते, हे येथे महत्त्वाचे नाही. एक चालवत होता आणि दुसरा त्याला बोलण्यात गुंतवत होता.

आमच्यासारख्या 'अप-डाऊन' करणाऱ्यांना हा रस्ता पाठ असतो. मत्स्योदरी देवीची ती माशाच्या आकाराची टेकडी पाठीमागे पडली की घराचे वेध लागतात. हिवाळ्यात कारखान्यांचे गाळप सुरू झाले की अंधार आणि ऊस दोन्ही एकदमच रस्त्यावर उतरतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि मोळ्या इतक्या रुंद रचलेल्या की मागचा दिवा असला तरी दिसू नये. त्या संध्याकाळची ट्रॉली मात्र चालत नव्हती. पंक्चर होऊन कडेला उभी होती.

पुढे स्टाफरूममध्ये या घटनेची चर्चा झाली तेव्हा आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांनी आम्हांला जिमखान्यातल्या कॅरमपाशी नेले. स्ट्रायकर साधारण पंधरा ग्रॅमचा, सोंगटी पाचएक ग्रॅमची. स्ट्रायकर नाकासमोर सोंगटीवर आदळला आणि ऊर्जा कोठे वाया गेली नाही असे धरले, तर सोंगटी स्ट्रायकरच्या मूळ वेगाच्या दीडपटीने निघते आणि स्ट्रायकर निम्म्या वेगाने मागोमाग जातो. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. हिशेब केला तर दोघांच्या वाट्याला संवेग बरोबर निम्मा-निम्मा येतो. दोन सारख्या गोट्यांची गोष्ट निराळी : मारणारी जागीच थांबते, मार खाणारी तिचा सगळा वेग घेऊन निघून जाते. वाटणी बदलते, बेरीज बदलत नाही.

ही बेरीज मांडायला युरोपातल्या थोरांनाही वेळ लागला. देकार्तने १६४४ मध्ये 'गतीचे प्रमाण' कायम राहते असे म्हटले, पण दिशा जमेस धरली नाही. समोरासमोरून येणाऱ्या दोन वस्तूंचे संवेग एकमेकांना छेदतात, हे १६६८-६९ च्या सुमारास वॉलिस, रेन आणि हायगेन्स यांच्या मांडणीतून स्पष्ट झाले, आणि १६८७ मध्ये न्यूटनने त्याला आपल्या नियमांत बसवले. 'संवेग' हा शब्द मात्र आमच्या ओळखीचा. योगसूत्रांच्या पहिल्याच पादात तो साधकाच्या तीव्रतेसाठी येतो. बौद्ध परंपरेत माणसाला हलवून जागे करणाऱ्या मनाच्या हादऱ्याला संवेग म्हणतात. पाठ्यपुस्तकाने तो गतीसाठी घेतला. शब्दाचा जुना अर्थ असा नव्याच्या आत दडून बसतो, हे आम्हांला त्या दिवशी केवळ रंजक वाटले होते.

मग सरांनी आमचाही हिशेब मांडला. दोन माणसे आणि गाडी मिळून २६० किलो, वेग सोयीसाठी ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. संवेग २६०० किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि ऊस मिळून वीस टन धरले आणि ते सारे धूड चाकांवर मोकळे आहे असे मानले, तर आमचा सगळा संवेग घेऊनही ते सेकंदाला जेमतेम तेरा सेंटिमीटर सरकले असते. प्रत्यक्षात चाकांना दगड लावलेले होते, म्हणजे आमचा संवेग ट्रॉलीतून रस्त्यात आणि रस्त्यातून पृथ्वीत गेला. पृथ्वीला त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. ऊर्जेचे तसे नाही. ती वाकलेल्या पत्र्यात, फुटलेल्या दिव्यात, आवाजात आणि एका हाडात खर्च झाली. "कडब्याच्या गंजीत शिरला असतात तर संवेग तेवढाच गेला असता," सर म्हणाले, "पण जरा सावकाश गेला असता. मार कमी बसला असता."

येथपर्यंत सगळे भौतिकशास्त्र होते. आमचा विषय पुढे सुरू होतो.

दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली : 'उसाच्या ट्रॉलीची दुचाकीला धडक, दोन प्राध्यापक जखमी.' आम्ही ती दवाखान्यात वाचली. मराठीत टक्कर दोघांत 'होते', धडक एकाने दुसऱ्याला 'द्यायची' असते, आणि ठेच लागते तेव्हा दगडाचा उल्लेखही होत नाही. हे भेद आम्ही वर्गात शिकवतो. चाकांना दगड लावून उभी असलेली ट्रॉली कुणालाही धडक देऊ शकत नाही, हे कळायला तर एम. ए. असण्याचीही गरज नव्हती. षष्ठीच्या एका 'ची'ने धडकेचा कर्ता बदलला होता, आणि आम्ही, कर्ता-कर्म ओळखण्याचा पगार घेणारे दोघे, गप्प राहिलो. भेटायला येणाऱ्यांनी विचारले, "मागे काही खूण वगैरे नव्हती?" आम्ही म्हणालो, "अंधारच होता."

खूण होती. बाभळीची भली मोठी फांदी टाकलेली होती, तिच्यापुढे दगड मांडलेले होते. आम्ही बोलण्यात होतो. फांदी दिसली तेव्हा ती ओलांडून झाली होती.

तिसऱ्या दिवशी तो ट्रॅक्टरवाला दवाखान्यात आला. पंचविशीचा पोरगा. अपघाताच्या रात्री त्यानेच डोक्याचा गमछा सोडून हात गळ्यात बांधून दिला होता आणि जीप थांबवली होती. ट्रॅक्टर पोलीस ठाण्यात अडकला होता. ऊस वाळून वजनात घटत होता, खेपा बुडत होत्या, आणि घेतलेली उचल मात्र फिटायची राहणार होती. तक्रार नाही असे लिहून द्या, म्हणाला. मग थोडे थांबून, नजर खाली ठेवून म्हणाला, "म्या फांदी टाकली व्हती ना सर."

आम्ही 'तक्रार नाही' असे लिहून दिले. फांदी होती, असे लिहिले नाही. तो पाया पडायला वाकला आणि आम्ही मोठ्या मनाने त्याला उठवले. ज्याचा काही अपराध नव्हता त्याला आम्ही क्षमा केली होती, आणि त्याबद्दल त्याचे आभारही स्वीकारले होते.

सरांचा हिशेब चुकलेला नाही. ट्रॉली हलली नाही, हे खरेच. पण तिच्यापाशी उभा असलेला माणूस हलला, आणि आमच्या मौनाने तो आणखी दूर ढकलला गेला. ते मोजण्याचे एकक आमच्यापाशी नाही. त्याचे गाव आम्ही विचारले नव्हते. पुढल्या हंगामात दोन-तीन ट्रॅक्टरवाल्यांकडे चौकशी केली, ती व्यर्थ गेली. विद्यार्थ्यांना मात्र त्या बातमीचा मथळा आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहून देतो आणि कर्ता शोधायला सांगतो. तो कुणाच्या अपघाताचा, हे आजवर सांगितले नव्हते.

म्हणून ते वाक्य येथे दुरुस्त करून ठेवतो. आम्ही उभ्या ट्रॉलीला धडकलो. ट्रॉलीमागे बाभळीची फांदी टाकलेली होती.