बिनानावाचा

रातपाळी सुटली, झोप येईना म्हणून 'फ्रँकेन्स्टाइन' पाह्यला. १९३१ चा पिक्चर, दिग्दर्शक जेम्स व्हेल. भ्यायला बसलो होतो, उठलो तेव्हा डोळे ओले.

माथेफिरू शास्त्रज्ञ मुडद्यांचे तुकडे शिवतो, वीज खेळवून माणूस करतो. पण नाव ठेवत नाही. सुरुवातीच्या पाटीवर त्याचं काम करणाराचंही नाव नाही, नुसतं प्रश्नचिन्ह! शेवटच्या पाटीवर कळतं, बोरिस कार्लोफ.

पहिल्यांदा उजेड दिसतो तेव्हा तो हात वर करतो, लेकरू चांदोबाकडं करतं तसे. मिळतं काय? साखळदंड, चाबूक, तोंडासमोर जळता पलिता. छळणाऱ्याला त्यानं मारलं, चिरायला निघालेल्या डॉक्टरलाही मारलं. ते मी लपवत नाही.

तळ्याकाठची पोर मारिया मात्र भीत नाही. त्याला फुलं देते. दोघं ती पाण्यावर सोडतात, फुलं तरंगतात. फुलं संपली, तेव्हा पोरही तरंगंल असं समजून हा तिला पाण्यात टाकतो. ती बुडते. हा घाबरून पळतो.

सेन्सॉरनं नेमकं हेच कापलं. कित्येक वर्षं लोकांना दिसले फक्त पुढं आलेले हात, नि मग बापाच्या हातातलं प्रेत. मधलं ज्यानं त्यानं आपल्या मनानं भरलं. १९८० नंतर तो तुकडा परत जोडला गेला.

शेवटी गाव पलिते घेऊन निघतं, त्याच्यासकट पवनचक्की पेटवतं. शास्त्रज्ञ वाचतो. त्याच्या घरी दारूचे पेले उंचावतात.

मी त्या थोबाडाला भ्यालो नाही. कात्रीला भ्यालो. कुणावरही ठपका ऐकाल तेव्हा आधी विचारा, मधला तुकडा कुठाय?