दर दोन तासांनीं

आंब्यावरून पडून आमच्या दादांच्या पाठीचा कणा मोडला, तेव्हां ‘दर दोन तासांनीं कूस बदला’ एवढेंच डॉक्टरांनीं सांगितलें. मला तें हात झटकल्यासारखें वाटलें. वहिनींनीं मात्र तें व्रतासारखें पाळलें. पुढें वाचनांत आलें कीं, प्राचीन इजिप्तच्या वैद्यांनीं असाध्य ठरविलेल्या या दुखण्यांत रोगी दगावत ते बहुधा शय्याव्रणांनीं व मूत्रमार्गाच्या विकारांनीं. जर्मनी सोडावी लागलेल्या डॉ. लुडविग गुटमान या यहुदी गृहस्थांनीं १९४४ पासून इंग्लंडांत स्टोक मँडेव्हिल येथें रात्रंदिवस कूस बदलण्याचा दंडक घातला, आणि रोगी जगूं लागले. १९४८ सालीं तर अशा १६ जणांनीं तेथें चाकांच्या खुर्च्यांत बसून तिरंदाजीची स्पर्धा केली! तुटलेला मज्जारज्जु पूर्ववत् सांधणें आजहि साधलेलें नाहीं. दादा बारा वर्षें जगले. त्यांना जाऊन तीन वर्षें झालीं. वहिनी अजून रात्रीं दोन वाजतां उठून बसतात.