अप्पांची पेन्सिल

“अप्पांना स्वतंत्र खोलीच घेऊ. चार लोक भेटायला येतील, बरं दिसत नाही,” हे वाक्य माझेच. दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या पित्ताशयाचे ऑपरेशन ठरले, तेव्हा मी दिवसाला ६,००० रुपयांची खोली निवडून सही केली. तीन लाखांचा विमा होता, मग काळजी कसली?

काळजी चौथ्या दिवशी, घरी सोडण्याच्या वेळी समोर आली. बिल १,६४,००० रुपये. विमा कंपनीने मंजूर केले ९९,०००. काउंटरवरच्या मुलीने पॉलिसीतल्या एका ओळीवर बोट ठेवले: खोलीभाडे विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे रोज ३,००० रुपयांपर्यंतच. मला वाटले, फार तर भाड्यातले १२,००० कापतील. पण महागड्या खोलीबरोबर सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर यांचे दरही चढतात. म्हणून कंपनीने तो खर्चही त्याच प्रमाणात कापला. ९०,००० चे ४५,००० झाले. औषधे आणि तपासण्यांचे ४२,००० पूर्ण मिळाले. हातमोजे वगैरे किरकोळ वस्तूंचे ८,००० मात्र आमच्याच माथी.

अप्पांना काही सांगायचे नाही, असे मी आईला बजावले. पण जन्मभर हिशेबाच्या वह्या लिहिलेला माणूस तो!

“बिल दाखव.”

“अप्पा, तुम्ही आराम करा ना.”

“चार दिवस तेच केलं. दाखव.”

ते एका पानाचे बिल पाहून म्हणाले, “हा नुसता गोषवारा. तपशीलवार माग.”

असे बिल मागणे हा रुग्णाचा हक्क आहे, हे मला नंतर कळले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत तो नोंदला आहे. बिलावरून वाद झाला तरी रुग्णाला अडवून ठेवता येत नाही, हेही त्यात आहे.

पलंगावर बसून अप्पांनी पेन्सिलीने एकेक ओळ तपासली. परत केलेल्या वस्तू वजा झाल्याच नव्हत्या. रविवारी न आलेल्या डॉक्टरांची रविवारची भेट लावलेली होती. काउंटरवर चूक मान्य झाली. आमच्या वाट्याचे ३,४०० रुपये कमी झाले. उरलेले मी आणि भावाने भरले.

रिक्षात अप्पा एवढेच म्हणाले, “मला वेगळी खोली नकोच होती गं. तू विचारलंच नाहीस.”

६१,६०० रुपयांपेक्षा ते वाक्य मला जास्त लागले. लोकांना काय वाटेल याचा विचार मी केला होता, अप्पांना काय हवे याचा नाही.

यंदा आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. या वेळी आधी आईला विचारले, मग पॉलिसी वाचली, मग रुग्णालयाकडून खर्चाचा अंदाज लेखी घेतला आणि रोजच्या रोज चालू बिल मागितले. दोन खाटांची खोली घेतली. शेजारच्या काकूंशी आईची अशी गट्टी जमली की घरी निघताना दोघींचे डोळे भरून आले.

अप्पा मात्र बिलाची वाट पाहत होते. पेन्सिलीला टोक काढून!