पाठीवरचं बिऱ्हाड

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. ही म्हण ज्याने कोणी काढली त्याने इंजिनिअरिंगचा विद्यार्थी पाहिला नसावा. नाहीतर बिचाऱ्या विंचवाला मध्ये ओढलंच नसतं!

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी कॉन्व्हेंटचा. शाळेत 'दप्तर' म्हटलं की टीचर लगेच "बॅग म्हण" म्हणायच्या. घरी येऊन आजीला 'बॅग' म्हटलं की ती विचारायची, "कुठं गावाला चाललास का रे?" लातूरहून नांदेडला हॉस्टेलवर आलो तेव्हा कळलं की इथे दप्तरही नाही आणि बॅगही नाही, इथे 'सॅक'. तेव्हा शब्दांची अशी खिचडी या लेखातही होणार. ऱ्हस्व-दीर्घाचं काय असेल ते संपादक मंडळ बघून घेईल.

गंमत म्हणजे 'दप्तर' हा शब्द पिशवीचा नाहीच. फारसीतून आपल्याकडे आला तेव्हा त्याचा अर्थ होता नोंदवही, कागदपत्रं. पेशवे दप्तर म्हणतात ना, तेच. त्याचंही मूळ ग्रीक भाषेत सापडतं आणि तिथे त्याचा अर्थ होतो लिहिण्यासाठी कमावलेलं कातडं. म्हणजे आधी कागद, मग कागद बांधायचा रुमाल आणि शेवटी पोराच्या पाठीवरचं ओझं, असा या शब्दाचा प्रवास.

आता मुद्द्यावर येतो. तुम्ही म्हणाल, सॅक काय विषय आहे लेख लिहायला? दुकानात जायचं, रंग बघायचा, घेऊन यायचं. माझंही मत तसंच असतं, जर गेल्या पावसाळ्यात तो प्रसंग घडला नसता तर. रविवारची संध्याकाळ. चाकूर, अहमदपूर, लोहा करत लातूरहून येणारी एसटी नांदेडच्या स्टँडमध्ये शिरली. मी उतरलो, सॅक एका खांद्यावर टाकली आणि 'टर्र' असा आवाज आला. डावा पट्टा वरच्या शिवणीतून सुटला आणि सॅक खाली फरशीवर! आत लॅपटॉप होता. पप्पांनी सोयाबीनच्या पैशातून घेऊन दिलेला. स्क्रीनवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा गेला. नव्या स्क्रीनचे साडेपाच हजार रुपये झाले. सॅक होती चारशे ऐंशी रुपयांची, अकरा महिने वापरलेली. कंपनीचं नाव इथे सांगत नाही.

पप्पा फोनवर एवढंच म्हणाले, "आता घ्यायची तर नीट बघून घे." पंधराशे रुपये पाठवले. पंधराशे म्हणजे घरी काय असतं हे मला माहीत आहे. म्हणून ठरवलं की ही खरेदी इंजिनिअरसारखी करायची.

पहिलं काम, वजन. मेसजवळच्या किराणा दुकानातल्या काट्यावर आख्खं बिऱ्हाड ठेवलं. लॅपटॉप २.२ किलो, चार्जर ४०० ग्रॅम, वह्या-पुस्तकं-जर्नल १.२ किलो, डबा ८०० ग्रॅम, भरलेली पाण्याची बाटली १.१५ किलो, छत्री-कॅल्क्युलेटर वगैरे किरकोळ ३५० ग्रॅम. आणि सॅक नुसती रिकामी, १.१ किलो! एकूण ७.२ किलो. माझं वजन ५८ किलो. म्हणजे मी रोज माझ्या वजनाच्या साडेबारा टक्के पाठीवर घेऊन फिरत होतो.

हे जास्त की कमी? दप्तराच्या ओझ्याची चर्चा आपल्या देशात जुनी आहे. लेखक आर. के. नारायण राज्यसभेत होते तेव्हा १९८९ साली त्यांनी तिथे भाषण केलं ते याच विषयावर, की मुलं दप्तराखाली वाकून चाललीत. १९९३ साली प्रा. यशपाल समितीचा 'ओझ्याविना शिक्षण' हा अहवाल आला. २०२० साली केंद्र सरकारने स्कूल बॅग धोरण आणलं, त्यात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको असं सांगितलंय. आता मी काही शाळेत नाही, पण पाठीचा कणा कॉलेजात आल्यावर वेगळा बसवून देत नाहीत. दहा टक्के धरले तर माझी मर्यादा ५.८ किलो.

मग काय कमी करायचं? रूममेट म्हणाला, पाणी कमी कर, कॉलेजात कूलर आहे. मी म्हटलं, बाबा, मी लातूरचा आहे. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. घागरी, कॅन आणि टँकरची रांग यात ज्याचं बालपण गेलं त्याच्या सॅकमधून बाटली निघत नसते. पाणी राहणार. तर मग रिकाम्या सॅकचं वजनच कमी करायला हवं.

दुसरं काम, फाटलेली सॅक कशामुळे फाटली ते शोधणं. शनिवारी लातूरला गेलो तेव्हा ती गंजगोलाईत घेऊन गेलो. या गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या एका रस्त्यावर एक काका मशीन घेऊन बसतात. चेन बदलणं, पट्टे शिवणं हा त्यांचा धंदा. त्यांनी सॅक उलटी करून आतली शिवण दाखवली. "हे बघा, कापडाला काहीच झालं नाही. पिशवी कापडात फाटत नसती, शिवणीत फाटत असती. हितं एकच टाका मारलाय त्यांनी."

आपल्या स्ट्रेन्थ ऑफ मटेरियल्सच्या सरांनी जे दोन लेक्चरमध्ये शिकवलं ते काकांनी दोन वाक्यांत सांगितलं. पट्टा जिथे सॅकला जोडतात तिथे सगळा भार एका बारीक रेषेवर येतो. त्यात एसटीचे आणि ऑटोचे दणके. सात किलोचं ओझं उभं राहिलं की सात किलोच असतं, पण गाडी आदळली की टाक्याला त्याच्या दुप्पटही ओढ बसू शकते. असं रोज शेकडो वेळा. लोखंडही अशाने थकतं, दोऱ्याची काय कथा! म्हणून चांगल्या सॅकमध्ये त्या जागी चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण असते, किंवा दाट आडवे टाके घातलेले असतात. पट्टाही नुसता कडेला चिकटवलेला नसतो, आत दोन-तीन इंच घेऊन शिवलेला असतो.

याचं एक उत्तम उदाहरण आपल्या नांदेडमध्येच आहे, आणि ते लातूरशीही जोडलेलं आहे. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात आणि त्यासाठीची खादी विणली जाते लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला. ध्वजासाठी १९५१ साली जे भारतीय मानक ठरलं त्याचा क्रमांकच आहे आयएस १. त्यात कापडाचे धागे, वजन, ताकद, रंग, शिवण सगळं ठरवून दिलेलं आहे. ध्वजाचं मुख्य कापड हलकं असतं, कारण ते वाऱ्यावर फडकायला हवं. पण जिथून दोरी जाते ती पट्टी मात्र वेगळ्या, जाड खादीची असते. जिथे भार तिथे जाड कापड, बाकी ठिकाणी हलकं. सॅक घेताना मला नेमकं हेच हवं होतं! (डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलली आणि मशीनवरच्या पॉलिस्टरच्या झेंड्यांनाही परवानगी मिळाली. तो स्वस्त झेंडा घरोघरी पोचला हे खरं, पण उदगीरच्या हातमागावर बसणाऱ्यांच्या पोटाचा प्रश्नही त्यात आहे. तो विषय एका स्वतंत्र लेखाचा.)

तिसरं काम, बाजार. वजिराबादची चार दुकानं पालथी घातली. दुकानदार सांगतात, "सिक्स हंड्रेड डी आहे, काही बघू नका." हे 'डी' म्हणजे डेनिअर. नऊ हजार मीटर लांब धाग्याचं ग्रॅममधलं वजन. म्हणजे ६०० डेनिअरचा धागा नऊ हजार मीटर घेतला तर तो ६०० ग्रॅम भरतो. हा आकडा धाग्याच्या जाडीचा आहे, टिकाऊपणाची गॅरंटी नव्हे. नायलॉन घासण्याला पॉलिस्टरपेक्षा चांगलं टिकतं. मात्र उन्हात पॉलिस्टर जास्त टिकतं आणि पाणी कमी शोषतं. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा मराठवाड्याच्या माणसाने पॉलिस्टर घेतलं तर बिघडत नाही. कापड उलटं करून आतला लेप बघायचा. नखाने खरवडल्यावर पापुद्रा निघाला तर पहिल्याच पावसात वह्या भिजणार.

मग चेन. चेनच्या रनरच्या मागे बऱ्याचदा ५, ८, १० असा आकडा असतो. बंद चेनच्या दातांची मिलिमीटरमधली रुंदी साधारण तेवढी असते. मोठ्या कप्प्याला आठची चेन असेल तर उत्तम. दुकानात दहा वेळा उघडझाप करून बघा, विशेषतः कोपऱ्यावर. दुकानदार वैतागला तरी चालेल.

आणि आकार. सगळ्यांना चाळीस लिटरची सॅक हवी असते. पण सॅक मोठी असली की ती भरतेच, हा निसर्गाचा नियम आहे. रोजच्या कॉलेजला २२ ते २५ लिटर भरपूर. लॅपटॉपचा कप्पा पाठीला चिकटून हवा. साधा मोमेंट काढा. ७.२ किलो म्हणजे सुमारे ७० न्यूटन. हा भार पाठीपासून १० सेंटिमीटरवर असेल तर मोमेंट ७ न्यूटन-मीटर, २० सेंटिमीटरवर गेला तर १४. ओझं तेच, पण पाठीला ओढ दुप्पट! म्हणून जड वस्तू आत, हलक्या बाहेर आणि पट्टे आवळलेले. कुल्ल्यावर लोंबणारी सॅक सिनेमात छान दिसते.

शेवटी चौथ्या दुकानात हवी तशी मिळाली. २४ लिटर, रिकामी ६२० ग्रॅम, पट्ट्याला चौकोन-फुलीची शिवण, आठची चेन. घासाघीस करून तेराशे पन्नास. रिकाम्या सॅकमध्येच जवळजवळ अर्धा किलो वाचला. मी खूश!

त्याच शनिवारी सॅक मिरवायला घरी गेलो. माझी धाकटी बहीण अकरावीला आहे, लातूर पॅटर्नची पाईक. सकाळी कॉलेज, दुपारपासून क्लास. ती दारात येऊन पाठीवरचं ओझं काढताना भिंतीला धरून उभी राहिली. सहज म्हणून तिची बॅग काट्याला लावली. ८.१ किलो. तिचं वजन ४४. मनातल्या मनात भागाकार केला, अठरा टक्क्यांच्या वर. धोरणात बारावीपर्यंतच्या दप्तराचं वजन दिलेलं आहे, पण तिच्या बॅगेत कॉलेजपेक्षा क्लासचीच मॉड्यूल्स जास्त. ती कोण मोजणार?

"रोज एवढं नेतेस?" मी विचारलं.

"दादा, सगळ्याच नेतात," ती म्हणाली.

माझा आकडा साडेबारा, तिचा अठरा. ज्या हिशोबाने सॅक निवडली त्याच हिशोबाने ती कोणाला जायला हवी हेही उघड होतं. नवी सॅक तिला दिली. आम्ही दोघांनी बसून मॉड्यूल्सचे भाग उसवले, त्या आठवड्याला लागतील तेवढे ठेवले, बाकी कपाटात. ओझं साडेपाच किलोवर आलं. चार किलो चारशे ग्रॅमपेक्षा अजून जास्तच आहे, पण आता ती भिंत धरत नाही. पप्पांना वाटलं पोरगा भावनेत वाहिला. आजी मात्र म्हणाली, "शिकून शहाणा झाला म्हणायचा."

आणि मी? काकांनी साठ रुपयांत जुन्या सॅकचे दोन्ही पट्टे आतून कापड लावून चौकोन-फुलीने शिवून दिले. नऊ महिने झाले, टाका हललेला नाही. सॅकचं वजन तेच १.१ किलो, म्हणून जर्नल लॅबच्या लॉकरमध्ये आणि चार्जर रूमवर ठेवायला लागलो. पाण्याची बाटली जागेवर आहे.

तेव्हा ज्युनिअर मित्रांनो, नवी सॅक घ्यायला जाल तेव्हा रंग शेवटी बघा. आधी उचलून बघा, मग उलटी करून शिवण बघा, मग चेन. जुनी असेल तर टाकण्याआधी एकदा दुरुस्तीवाल्या काकांना दाखवा. आणि या सुट्टीत घरी गेलात की धाकट्या भावंडाची बॅग काट्यावर ठेवा. भागाकार आपल्याला येतोच.