शकुंतलेचा पट्टा आणि पायी विहार

करमाडवरून आजही रोज रेल्वे धावते. निजामाच्या काळातील मीटरगेज गेली आणि तिच्या जागी ब्रॉडगेज आली. ओस पडलेला मार्ग आम्हा करमाडकरांना ठाऊक नाही. तो पाहायचा तर वऱ्हाडात जावे. मूर्तिजापूरहून एक फाटा कारंजामार्गे यवतमाळला जातो, दुसरा अचलपूरला. दोन्ही मिळून सुमारे १९० किलोमीटर. रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने तो सुरू केला तो कापसासाठी. गाठी मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढत, मुंबईहून मँचेस्टरला जात. गंमत अशी की, गाडी ओढणारे वाफेचे इंजिनही मँचेस्टरचेच, १९२१ सालचे. ते १९९४ पर्यंत राबले. वऱ्हाडात कापसाची अडत केलेल्या आपल्या घराण्यांना ‘शकुंतला’ची ओळख वेगळी करून द्यायला नको. आता गाड्या बंद आहेत आणि रुळांत झुडपे माजली आहेत.

या मार्गावरचे कारंजा म्हणजे सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ यांच्या भट्टारकपीठांचे गाव. अचलपूरपासून सिद्धक्षेत्र मुक्तागिरी जवळ. तिकडे पायी जाणाऱ्या साधू-साध्वींना मात्र डांबरी रस्त्याशिवाय वाट नाही. आमच्या जालना रस्त्यावरही तेच. ईर्यासमिती सांगते, चार हात भूमी पाहून पाऊल टाकावे. मागून ट्रक येत असताना ते कसे साधावे? विहारातील अपघाताची बातमी वाचावी लागली नाही, असे वर्ष सरत नाही.

रेल्वेचा पट्टा सलग असतो, चढ सौम्य असतो, वाहन तेथे येत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९८० साली शेवटची मालगाडी गेलेल्या उन्नत मार्गावर २००९ मध्ये फिरण्याचे उद्यान खुले झाले. आपल्याला उद्यान नको. अनवाणी पायांना खडी रुतते, हिरवळीवर साधू पाऊल ठेवत नाहीत, डांबर दुपारी पोळते. दाबून बसवलेल्या मुरुमाची सहा-सात फुटांची वाट व कडेला कडुनिंब एवढे पुरे. शेतकरी व शाळकरी मुलेही तीच वाट वापरतील.

शकुंतला पुन्हा धावावी, ही वऱ्हाडची मागणी रास्त आहे. तिला आडवे येऊन पुण्य लाभणार नाही. अमेरिकेत १९८३ च्या कायद्याने यावर तोड काढली: बंद मार्ग पायवाट म्हणून सांभाळायचा आणि गरज पडल्यास रेल्वेला परत द्यायचा. तिकडे या व्यवस्थेच्या नावातच ‘बँक’ हा शब्द आहे, हे वाचून माझ्यासारख्या निवृत्त बँकवाल्याला बरे वाटले. नुसती पडून राहिलेली जमीन अतिक्रमणाने आटते. वापरातली ठेव शाबूत राहते. स्वातंत्र्यानंतरही मार्ग खासगी कंपनीचाच राहिला व रेल्वे तो कराराने चालवीत आली, त्यामुळे कागदपत्रांचा गुंता मोठा आहे. तो सरकारनेच सोडवावा.

समाजाने आधी मूर्तिजापूर ते कारंजा एवढाच तुकडा मागावा. वाटेतल्या पडीक स्थानक-इमारती दुरुस्त करून घेतल्या, तर विहारातील मुक्कामाला नवे बांधकामही लागणार नाही. छप्पर, सावली आणि प्रासुक पाण्याची सोय हवी, आणि ती सोय जवळच्या गावांतील आपल्या दुकानदारांना सहज करता येईल.